लोहाराची सरस्वती

दसऱ्याच्या दिवशीं महाराष्ट्रांतील अनेक घरांत एक लहानसा सोहळा पिढ्यान्‌पिढ्या होत आला आहे. मूल पाटी स्वच्छ धुऊन आणतें. घरांतील वडील मनुष्य तिच्यावर एकाच्या आकड्यांची ओळ मांडतो आणि त्यांच्याच रेघांतून सरस्वतीची आकृति काढतो. शेजारीं पुस्तकें रचलीं जातात. त्यांवर हळदकुंकू, झेंडूचीं फुलें आणि आपट्याचीं पानें वाहिलीं जातात. त्या आकृतीला नाकडोळे नाहींत, हातांत वीणा नाहीं, पायांशीं हंस नाहीं. तरीहि मूल तिला मनोभावें हात जोडतें. पूजेंत मांडलेलें पुस्तक त्या दिवशीं उघडावयाचें नसतें, हा त्याच्या भक्तीला मिळणारा रोकडा प्रसादच होय.

वाणी, कला आणि नवनिर्मिति यांची अधिष्ठात्री देवता अनेक प्राचीन समाजांनीं कल्पिलेली आहे. ग्रीकांनीं नऊ भगिनींकडे हा अधिकार दिला. आयर्लंडच्या लोकांनीं ब्रिगिट नांवाच्या देवीकडे काव्य, वैद्यक आणि लोहारकाम हीं तिन्ही कामें सोंपविलीं. पुढें त्या देशांनीं धर्म बदलला, आणि त्या देवता काव्यांत व कथांत तेवढ्या उरल्या. सरस्वतीची गोष्ट निराळी आहे. तीन हजार वर्षांहून अधिक काळ तिचें नांव लोकांच्या तोंडीं आहे, आणि एका नदीच्या कांठीं सुरू झालेली तिची उपासना जपानच्या बेटांपर्यंत पोंचली आहे. ती कृपाळू आहे, मागेल त्याला विद्या देते, असें सर्वच उपासक म्हणत आले. परंतु तिच्या दारीं जाऊन मागण्याची मोकळीक कोणाला होती आणि कोणाला नव्हती, हें स्तोत्रांवरून कळत नाहीं. त्यासाठीं इतिहासाकडेच जावें लागतें.

ऋग्वेदांतील सरस्वती ही प्रथम नदी आहे. सहाव्या मंडलांतील एकसष्टावें आणि सातव्या मंडलांतील पंचाण्णवावें व शहाण्णवावें हीं तिचीं प्रमुख सूक्तें. दुसऱ्या मंडलांत ऋषीनें माता, नदी आणि देवी या तिन्ही नात्यांनीं तिला पहिला मान दिला आहे. दहाव्या मंडलांतील नदीसूक्तांत यमुना आणि शुतुद्री, म्हणजे आजची सतलज, यांच्यामध्यें तिचें नांव येतें. त्यावरून तिचा प्रदेश कोणता हें ध्यानांत येतें. ही नदी डोंगरांचे कडे फोडीत धांवणारी आहे. वृत्राचा वध करणारी असेंहि तिला म्हटलें आहे. शुभ्र वस्त्र नेसून कमळावर बसलेली सरस्वती ज्यांनीं लहानपणापासून चित्रांत पाहिली, त्यांना हें रूप अनोळखी वाटेल. परंतु शेत भिजविणारें पाणी आणि बांध फोडणारें पाणी एकच असतें, हें नदीकांठच्या लोकांना सांगावें लागत नाहीं.

त्याच वैदिक वाङ्मयांत तिचें दुसरें, मायेचें रूपहि आहे. यजुर्वेदांतील सौत्रामणी यज्ञाच्या प्रकरणांत एक कथा येते. सोमपानाचा अतिरेक झाल्यामुळें इंद्र क्षीण झाला, तेव्हां अश्विनीकुमार आणि सरस्वती यांनीं त्याला बरें केलें. अश्विनीकुमार हे तर देवांचे वैद्यच. सरस्वतीनें मात्र वाणीच्या योगानें उपचार केला असें तेथें सांगितलें आहे. आजाऱ्याच्या अंथरुणापाशीं बसून धीराचे चार शब्द बोलणाऱ्याला या उपचाराची किंमत ठाऊक असते. विद्या आणि दया यांची सांगड या देवतेच्या ठिकाणीं अशी मुळापासून घातलेली आहे.

नदी ती वाणी कशी झाली, याचें उत्तर कठीण नाहीं. यज्ञ तिच्या तीरावर होत, मंत्रांचा घोष तिच्या तीरावर चाले. पाण्याचा ओघ आणि शब्दांचा ओघ हे ऐकणाऱ्याच्या कानांत एक होऊन गेले. ब्राह्मणग्रंथांत वाक् हीच सरस्वती, असें समीकरण पुन्हा पुन्हा मांडलेलें आढळतें. इकडे नदीचें पाणी आटत चाललें होतें. ती वाळूंत जिरते तें ठिकाण विनशन या नांवानें ब्राह्मणग्रंथांत आणि पुढें मनुस्मृतींतहि नोंदलेलें आहे. हरियाणा-राजस्थानांतून वाहत जाऊन वाळवंटांत नाहींसा होणारा घग्गर-हाक्रा हा प्रवाह म्हणजेच ती प्राचीन नदी, असें अनेक संशोधक मानतात. नदी आटली तरी देवता लोपली नाहीं. लोक ज्या जिभेनें तिची स्तुति करीत, त्या जिभेवरच तिनें तोंवर आपलें घर केलें होतें.

या वाग्देवतेचें अत्यंत ओजस्वी सूक्त ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलांत आहे. तें एकशें पंचविसावें. त्यांत वाणी स्वतःच बोलते, आणि आपल्याला जो प्रिय होईल त्याला आपण ऋषि करतों, असें सांगते. प्रिय कोणी व्हावें, त्याचें कुळ कोणतें असावें, याविषयीं ती कांहींच अट घालीत नाहीं. परंपरेनें या सूक्ताची द्रष्टी म्हणून अंभृण ऋषीची वाक् नांवाची कन्या मानलेली आहे. घोषा, अपाला, लोपामुद्रा हीं आणखी कांहीं स्त्रियांचीं नांवेंहि सूक्तद्रष्ट्यांच्या यादींत आहेत. म्हणजे वाणीनें आपल्या कृपेचें जाहीर आश्वासन दिलें तें एका स्त्रीच्या मुखानें.

पुढील शतकांत हें चित्र पालटलें. धर्मशास्त्रकारांनीं स्त्रिया आणि शूद्र यांना वेदाध्ययनाचा अधिकार नाकारला. कारागिरांचे बहुतेक वर्ग त्याच नियमाखालीं आले. विद्येची देवता स्त्रीच राहिली; परंतु घरांतील कन्येनें तिच्यापुढें फुलें वाहावीं, ग्रंथ मात्र उघडूं नये, अशी रीत पडत गेली. वीणा घडविणारा सुतार आणि लेखणीचा चाकू घडविणारा लोहार यांच्यावांचून जिचें एकहि काम चालत नाहीं, तिच्या विद्येपासून तेच दूर राहिले. जो कांहीं निर्माण करतो तोच या देवतेचा खरा उपासक, असें म्हणावें, तर हा मोठाच विपर्यास म्हटला पाहिजे.

अशा काळांत मथुरेला एक लहानशी घटना घडली. तिची साक्ष एका दगडावर उरली आहे. मथुरेजवळ कंकाली टीला नांवाचें एक टेकाड आहे. तेथें प्राचीन काळीं जैनांचा मोठा स्तूप होता. १८८८ ते १८९१ या वर्षांत फ्यूरर यांच्या देखरेखीखालीं तेथें जें उत्खनन झालें, त्यांत मूर्ति व शिलालेख यांचा मोठा सांठा हातीं लागला. त्यांतच दोन्ही गुडघे वर घेऊन बसलेली एक स्त्रीमूर्ति होती. तिचें डोकें नाहींसें झालेलें आहे. उजवा हात तुटला आहे. डाव्या हातांत मात्र पोथी आहे. दोन्ही बाजूंना लहान सेवक उभे आहेत. बैठकीवरच्या लेखांत तिचें नांव स्पष्टपणें सरस्वती असें दिलें आहे. ही मूर्ति आज लखनौच्या राज्य संग्रहालयांत आहे. कालाचा उल्लेख असलेली आणि नांवानिशीं ओळखतां येणारी याहून जुनी सरस्वतीची मूर्ति सांपडलेली नाहीं.

लेखांत वर्ष ५४, हिवाळ्याचा चौथा महिना आणि दहावा दिवस अशी मिति आहे. हें वर्ष कुषाण राजांच्या कालगणनेंतील आहे. त्या गणनेचा आरंभ इ. स. ७८ मध्यें धरला तर ही मूर्ति १३२ च्या सुमाराची ठरते. अलीकडील बहुतेक अभ्यासक तो आरंभ १२७ मध्यें धरतात, आणि त्या हिशेबानें ती १८० च्या सुमारास जाते. कसेंहि मोजलें तरी तिला अठराशें वर्षें होऊन गेलीं आहेत.

आतां ही मूर्ति दिली कोणी? राजानें दिली असती, सावकारानें दिली असती, तर त्यांत नवल नव्हतें. लेख सांगतो कीं सिंह याचा पुत्र गोव, धंद्यानें लोहार, यानें एका जैन वाचकाच्या सांगण्यावरून ही सरस्वती अर्पण केली. उद्देशहि लिहिला आहे: सर्व प्राणिमात्रांचें हित आणि सुख. स्वतःच्या मुलाबाळांना विद्या मिळावी, धंद्याला बरकत यावी, असें त्यानें कोरून घेतलें नाहीं. भात्यापाशीं बसून हातोडा चालविणाऱ्या त्या कारागिरानें पोथी धरलेली देवी देवालयाला दिली, आणि तिची कृपा सर्वांना वांटून टाकली.

जैनांची सरस्वती ही मुख्यतः श्रुतदेवता आहे, म्हणजे तीर्थंकरांच्या उपदेशाची, ऐकून जतन केलेल्या ज्ञानाची देवता. म्हणूनच तिच्या हातांत वीणेच्या आधीं पोथी आली. ज्ञान स्मरणांतून निसटूं नये याची काळजी त्या संप्रदायानें फार घेतली. श्वेतांबर जैन कार्तिक शुद्ध पंचमीला आणि दिगंबर जैन ज्येष्ठ शुद्ध पंचमीला ज्ञानाचा उत्सव करतात. त्या दिवसांत भांडारांतील पोथ्या बाहेर काढावयाच्या, धूळ झटकावयाची, वाळवी लागली आहे काय हें पाहावयाचें, नवीं वेष्टनें बांधावयाचीं, असा प्रघात आहे. पूजेला अशी कामाची जोड मिळाल्यामुळेंच गुजरात-राजस्थानांतील ग्रंथभांडारांत शेंकडों वर्षांच्या पोथ्या टिकून राहिल्या. पोथ्या लिहवून घेऊन दान करणाऱ्यांत गृहस्थ स्त्रियांचीं नांवेंहि पोथ्यांच्या अखेरीस आढळतात.

जैनांप्रमाणें बौद्धांनींहि सरस्वतीला आपलेंसें केलें, आणि बौद्ध भिक्षूंच्या बरोबरच ती देशाबाहेर पडली. महायान पंथाच्या सुवर्णप्रभास सूत्रांत तिचें एक स्वतंत्र प्रकरण आहे. या सूत्राचें प्रवचन करणाऱ्याला आपण स्मरणशक्ति आणि वाक्पटुत्व देऊं, असें वचन ती बुद्धापुढें देते. ऐकणाऱ्यांचीं दुखणीं व अरिष्टें दूर व्हावीं म्हणून औषधी वनस्पतींच्या स्नानाचा विधिहि सांगते. वाणीनें इंद्राला बरें करणारी वैदिक सरस्वती येथें नव्या धर्मांत, परंतु जुन्याच स्वभावानें भेटते. यीजिंग (इत्सिंग) हा चिनी यात्रेकरू भारतांत अनेक वर्षें राहून परत गेला. त्यानें ७०३ मध्यें या सूत्राचें चिनी भाषांतर पुरें केलें. सरस्वती हें नांव चिनी कानांना परकें. म्हणून तिला वाक्चातुर्याची देवता या अर्थाचें चिनी नांव मिळालें. त्याच लिपीचिन्हांचा जपानी उच्चार बेंझाइतेन असा होतो.

जपानांत या सूत्राला राजाश्रय मिळाला. सम्राट् शोमु यानें ७४१ मध्यें आज्ञा काढून प्रत्येक प्रांतांत एक राजकीय मठ स्थापण्याचें ठरविलें. त्या मठांत राष्ट्राच्या रक्षणासाठीं हें सूत्र ठेवावयाचें होतें. नारा येथील तोदाइजी मंदिरांत आठव्या शतकांतील मातीची एक उभी बेंझाइतेन आहे. तिला आठ हात. तिच्या हातांत वीणा नव्हती. सूत्रांत तिचीं आयुधें धनुष्य, बाण, तलवार, भाला, परशु, वज्र, चक्र आणि पाश अशीं सांगितलीं आहेत. काळाच्या ओघांत त्या मूर्तीचे कांहीं हात तुटले आणि आयुधेंहि गेलीं. राज्याला रक्षणाची गरज होती, म्हणून राज्यानें देवतेचें वृत्रघातिनी रूप उचललें. वैदिक नदीचा दरारा त्या आठ हातांत पुन्हा प्रकट झाला असें म्हणतां येईल.

परंतु लोकांना हवी होती ती दुसरी. पुढील शतकांत आठ हातांची रक्षक देवी मागें पडत गेली आणि दोन हातांची, बिवा नांवाचें तंतुवाद्य वाजविणारी देवी पुढें आली. भारतीय वीणेच्या जागीं बिवा आली इतकाच फरक. गायक, वादक, कवि आणि नट यांची ती आश्रयदात्री झाली. एनोशिमा, चिकुबुशिमा आणि इत्सुकुशिमा हीं तिचीं तीन प्रसिद्ध स्थानें तिन्ही बेटांवर आहेत. चिकुबुशिमा ज्या सरोवरांत आहे त्याचें नांवच बिवा. गांवोगांवींच्या तळ्यांच्या मधोमध, लहानशा बेटावर, पुलानें जोडलेलें तिचें देऊळ जपानांत अनेक ठिकाणीं दिसतें. सरस्वती ही मूळची नदी, हें तेथील सामान्य भाविकाला माहीत असण्याचें कारण नव्हतें. तरी आपल्या देशांत जिचें पाणी आटलें, तिला परदेशांत लोकांनीं पुन्हा पाण्यांत नेऊन बसविलें. तिच्या मंत्रांत सरस्वती हें संस्कृत नांव जपानी वळणाच्या उच्चारानें अद्याप टिकून आहे.

जपानांत आणखी एक बदल झाला. तिच्या नांवांतील ज्या चिन्हाचा अर्थ बुद्धि किंवा कौशल्य असा होता, त्याच्या जागीं त्याच उच्चाराचें पण धन या अर्थाचें चिन्ह लिहिण्याची चाल पडली. पाहतां पाहतां विद्येची देवी धनाचीहि देवी झाली आणि सात भाग्यदेवतांच्या मेळाव्यांत एकटी स्त्रीदेवता म्हणून जाऊन बसली. कामाकुरा येथें तिचें एक स्थान आहे. तेथील झऱ्याच्या पाण्यांत नाणीं धुतल्यास तीं दामदुपटीनें वाढतात, अशी समजूत आहे, आणि लोक टोपल्यांत पैसे घालून तेथें धुतात. लक्ष्मी आणि सरस्वती एके ठिकाणीं नांदत नाहींत, असें महाराष्ट्रांतील गरीब शिक्षक आणि कवि आपलें समाधान करून घेत आले. जपानी मनुष्यानें एका अक्षराच्या बदलानें तो वाद मिटविला. त्यांत थोडा लोभ आहे हें खरें, पण आपल्या कसबावर पोट भरणाऱ्याला विद्या आणि अन्न हीं दोन निराळीं मागणीं वाटत नाहींत, हेंहि तितकेंच खरें.

याच कामाकुरांत, त्सुरुगाओका हाचिमान देवस्थानची बिवा वाजविणारी एक सुंदर बेंझाइतेन आहे. तिच्यावरील लेखावरून ती १२६६ मध्यें अर्पण झाली हें कळतें. ही मूर्ति वस्त्रांवांचून कोरलेली आहे. भाविकांनीं खरीं वस्त्रें नेसवावीं अशी तिची योजना होती. ती कोणी दिली, हें वाचतांना मथुरेची आठवण झाल्यावांचून राहत नाहीं. दाता होता नाकाहारा मित्सुउजी, त्या देवस्थानच्या उत्सवांत वाजविणारा एक वादक. मथुरेच्या लोहारांत आणि कामाकुराच्या वादकांत हजार वर्षांहून अधिक अंतर, मध्यें पर्वत, समुद्र आणि तीन भाषा. तरी दोघांनींहि एकच गोष्ट केली. आपल्या हातांतील कसब जिचें देणें आहे असें वाटलें, तिची मूर्ति करवून त्यांनीं ती सर्वांच्या दर्शनासाठीं ठेवली.

कामाकुराची ती मूर्ति अर्पण झाल्यावर चोवीस वर्षांनीं, शके १२१२ म्हणजे इ. स. १२९० मध्यें, प्रवरेच्या कांठीं नेवासें येथें ज्ञानेश्वरी सिद्ध झाली. ग्रंथाच्या आरंभीं गणेशाला वंदन झाल्यावर ज्ञानेश्वर शारदेला वंदन करतात. संस्कृत न जाणणाऱ्या श्रोत्यांना गीतेचा अर्थ मराठींत सांगण्याच्या कामीं त्यांनीं तिची कृपा मागितली, ही गोष्ट लहान नाहीं. त्याच शतकांत महानुभाव पंथाच्या महदंबेनें धवळे रचले. मराठीची आद्य कवयित्री हा मान तिच्याकडे जातो. पाठोपाठ नामदेवांच्या घरीं काम करणाऱ्या जनाबाईची अभंगवाणी ऐकूं आली. देवळाचे आणि पाठशाळेचे दरवाजे बंद असतांना भाषेचा दरवाजा असा उघडला गेला.

तथापि शाळेचा दरवाजा उघडण्यास आणखी साडेपांच शतकें लागलीं. नवरात्रांत मूळ नक्षत्रावर सरस्वतीचें आवाहन, पूर्वाषाढांवर पूजन आणि श्रवणावर विसर्जन हा क्रम महाराष्ट्रांत वर्षानुवर्षें चालूच होता. पूजेची तयारी घरांतील स्त्रियाच करीत. परंतु बाईनें अक्षर गिरविलें तर घरावर संकट येतें, अशी समजूत त्याच घरांत होती. १८४८ मध्यें जोतीराव फुले यांनीं पुण्यांत भिडे यांच्या वाड्यांत मुलींची शाळा काढली आणि सावित्रीबाई तेथें शिकवूं लागल्या. रस्त्यानें जातांना त्यांच्या अंगावर शेण आणि चिखल टाकण्यांत आला, ही हकीकत महाराष्ट्राला माहीत आहे. टाकणाऱ्यांच्या घरींहि दसऱ्याला पाटीपूजन होत असेल, हें विसरतां येत नाहीं.

फुले यांच्या शाळेंत मुक्ता साळवे नांवाची मांग समाजांतील एक मुलगी शिकत होती. मांग-महारांच्या दुःखाविषयीं तिनें लिहिलेला निबंध १८५५ मध्यें ‘ज्ञानोदय’ पत्रांत छापून आला. तेव्हां ती अवघी चौदा वर्षांची होती. वेद जर ब्राह्मणांचेच असतील, तर वेद नसलेल्या आमचा धर्म कोणता, अशा आशयाचा प्रश्न तिनें देवालाच घातला. ज्या वेदांत वाणीनें एका स्त्रीच्या मुखानें बिनशर्त कृपेचें आश्वासन दिलें, त्या वेदांविषयीं हा प्रश्न तीन हजार वर्षांनीं एका मुलीला विचारावा लागला. उत्तर कोणी दिलें नाहीं; परंतु तो प्रश्न तिला लिहितां आला, हेंच त्या शाळेचें पहिलें फळ होतें.

तीनच वर्षांनीं, १८५८ मध्यें, रमाबाई डोंगरे यांचा जन्म झाला. त्यांचे वडील अनंतशास्त्री यांनीं आपल्या पत्नीला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकविलें. शास्त्री-पंडितांचा त्यांच्यावर रोष झाला. अनंतशास्त्र्यांनीं घाटांतील गंगामूळच्या रानांत जाऊन आश्रम केला, पण शिकविणें सोडलें नाहीं. तेथें रमाबाई आईच्या तोंडून संस्कृत शिकल्या. पुढें दुष्काळांत आईवडील गेले. भाऊ श्रीनिवास याच्याबरोबर पायीं प्रवास करीत, पुराणें सांगत, त्या १८७८ मध्यें कलकत्त्यास पोंचल्या. तेथील पंडितांनीं त्यांची परीक्षा घेतली. वीस वर्षांच्या या मुलीचें संस्कृत ऐकून ते चकित झाले, आणि त्यांनीं तिला पंडिता आणि सरस्वती अशा दोन पदव्या दिल्या. जिच्या आईला शिकविल्याबद्दल बापाला रानांत जावें लागलें, त्या मुलीला विद्वानांनींच देवतेचें नांव दिलें. एका पिढीच्या आयुष्यांत घडलेला हा पालट आहे.

रमाबाईंनीं १८८३ मध्यें ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्यानंतर ११ मार्च १८८९ रोजीं मुंबईंत त्यांनीं विधवांसाठीं आणि मुलींसाठीं घर व शाळा काढली, तेव्हां तिला ‘शारदा सदन’ हें नांव दिलें. धर्मांतराच्या प्रश्नावरून या संस्थेवर पुढें मोठें वादळ उठलें, त्याचा निवाडा येथें करण्याचें प्रयोजन नाहीं. एवढें नमूद केलें पाहिजे कीं, बालवयांत विधवा झालेल्या गोदूबाई या तेथील पहिल्या विद्यार्थिनींपैकीं होत्या. १८९३ मध्यें धोंडो केशव कर्वे यांच्याशीं त्यांचा पुनर्विवाह झाला, आणि कर्वे यांनीं पुढें १९१६ मध्यें स्त्रियांसाठीं विद्यापीठ स्थापिलें. एका दारांतून आंत आलेल्या मुलीमुळें पुढचें दार कसें उघडतें, याचें हें उदाहरण आहे.

याच सुमारास देवतेची प्रतिमाहि सर्वांच्या घरीं आली. राजा रविवर्मा यांनीं १८९४ मध्यें मुंबईंत शिळाछाप चित्रांचा छापखाना काढला. तो नंतर मळवलीस गेला. शिलेवर बसलेली, चार हातांची, मांडीवर वीणा आणि जवळ मोर असलेली त्यांची सरस्वती या रंगीत छापांतून घरोघर गेली. ज्यांना देवळांत पाऊल ठेवतां येत नव्हतें, त्यांच्याहि भिंतीवर ती लागली. पूर्वी मूर्ति एकच असे आणि तिच्या दारांत पहारा असे. आतां चित्र हजारांनीं छापलें गेलें आणि भिंतीला पहारेकरी लागत नाहीं. आज शाळेच्या स्नेहसंमेलनांत, ग्रंथालयांत, गायनाच्या वर्गांत जी सरस्वती दिसते, ती बहुधा या चित्राच्याच वळणाची असते.

नदी, वाणी, श्रुतदेवता, राज्याची रक्षक, वादकांची आणि व्यापाऱ्यांची आश्रयदात्री, आणि अखेर पाटीवरची आकृति, असा हा प्रवास आहे. या सर्व रूपांत तिनें स्वतः कोणाला परत लावल्याची गोष्ट सहसा आढळत नाहीं. परत लावलें तें तिच्या दारांत बसलेल्या माणसांनीं. आणि दार उघडलें तेंहि माणसांनींच: कोणी लोहारानें, कोणी वादकानें, कोणी बायकोला शिकविणाऱ्या शास्त्र्यानें, कोणी अंगावरचें शेण पुसून वर्गांत जाणाऱ्या शिक्षिकेनें. विद्या खर्च केल्यानें वाढते असें लोक म्हणतात. सरस्वतीचा हा इतिहास पाहिला तर तिच्या कृपेविषयींहि तेंच म्हणावें लागतें.

लखनौच्या संग्रहालयांतील त्या मूर्तीला आज डोकें नाहीं. तिचा चेहरा शांत होता कीं हंसरा, हें कोणालाहि सांगतां येणार नाहीं. परंतु डाव्या हातांतील पोथी शाबूत आहे, आणि खालीं लोहाराचें नांव व सर्वांच्या हितसुखाचा त्याचा संकल्पहि वाचतां येतो. दसऱ्याला पाटीवरच्या आकृतीपुढें हात जोडणाऱ्या मुलाला ही हकीकत सांगावयास हरकत नाहीं. त्या दिवशीं पुस्तक उघडावयाचें नसतें. पण गोष्ट ऐकावयास मनाई नाहीं.